आमचं स्थळ आम्हीच बघतो

घरात मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की सगळं घर कामाला लागतं. मावशी बायोडेटा मागते, आत्या ‘एक चांगलं स्थळ आहे’ म्हणून फोन करते, वडील ओळखीतून चौकशी काढतात, कांदेपोह्यांचा रविवार ठरतो. माणसं कशी आहेत, नोकरी पक्की आहे का, आजारपण काही आहे का, आधी कुठे ठरून मोडलंय का, हे बघायला दहा जणांचे डोळे असतात. मुलग्यांवर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्या मुलांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. चौकशी आपणच करायची, मध्यस्थ आपणच व्हायचं, नकार आपणच द्यायचा आणि आलेला आपणच पचवायचा. तेही बऱ्याचदा खोलीचं दार लोटून, फोनचा आवाज बंद ठेवून. मुंबई-पुण्याकडचे विशी-पंचविशीतले गे मुलगे जोडीदारात काय शोधतात, कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि कुठे पाय घसरतो, हे गेली काही वर्षं आतून बघताना जे समजलं ते लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. प्रोफाइलवर उंची, वजन, दाढी, ‘मॅनली’ असं सगळं मागितलेलं असतं. पण जुळलेलं नातं वर्ष-दीड वर्षाने मोडतं तेव्हा कारण बहुतेक वेळा या दोनपैकी एक असतं. एक, त्याला पुढे घरच्यांसाठी मुलीशी लग्न करायचं असतं. दुसरं, दोघांच्या लपून राहण्याच्या पातळ्या जुळत नाहीत. एकाला खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा असतो आणि दुसरा फोनमध्ये त्याचं नाव ‘अमोल ऑफिस’ म्हणून ठेवतो. हे दोन प्रश्न दिसण्याच्या, पगाराच्या, राशीच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी येतात. म्हणून ॲप उघडण्यापूर्वी अर्धा तास काढून स्वतःचीच उत्तरं कागदावर लिहावीत. मी लग्न करणार आहे का? माझ्याबद्दल कोणाकोणाला माहीत आहे, नावानिशी? पुढच्या दोन वर्षांत कोणाला सांगायची तयारी आहे? मला सोबत हवी आहे की सध्या फक्त भेटीगाठी? शेवटच्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण मनात एक आणि प्रोफाइलवर दुसरं असलं की दोन माणसांचे महिने वाया जातात.

आता ॲप. ग्राइंडर हे गे मुलग्यांचं भेटीगाठींचं ॲप २००९ मध्ये आलं. त्याआधी याहूच्या चॅट रूम होत्या, मग प्लॅनेट रोमिओ ही गे मुलग्यांची वेबसाइट. जवळ असेल तो चेहरा वर, अशी ग्राइंडरची मांडणी आहे. अंधेरीत पहिला चेहरा दोनशे मीटरवर दिसतो, तालुक्याच्या गावी तोच तीस-चाळीस किलोमीटरवर असतो. टिंडर किंवा बंबलसारख्या ॲपवर ‘पुरुषांमध्ये रस’ असं निवडता येतं. तिथे गप्पा जरा सावकाश चालतात, नाव आणि चेहरा बहुधा खरा असतो. जोडीदारच शोधायचा असेल तर दोन्हीकडे प्रोफाइल ठेवावी, पण अपेक्षा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

ग्राइंडर घेतल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन अंतर दाखवणं बंद करणं. तुमचं अंतर दिसत असेल तर कोणीही तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून ते तीनदा बघू शकतो, आणि तीन वर्तुळं जिथे छेदतात ती तुमची इमारत. चाळीत किंवा छोट्या गावात राहणाऱ्यासाठी हा धोका खरा आहे. फोटो द्यायचा तर इन्स्टाग्रामवर असलेला देऊ नये, कारण फोटोवरून शोध घेतला की खरं नाव सापडतं. खिडकीबाहेरची पाटी, कॉलेजचा टी-शर्ट, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड, एवढं तरी कापून टाकावं.

तिथलं संभाषण साधारण असं चालतं:

‘हाय.’
‘हाय. स्टॅट्स?’
‘२५, पाच आठ, ६६.’
‘प्लेस?’
‘नाही. तुझ्याकडे?’
‘रूममेट असतो.’

आणि इथे ते संपतं. ‘स्टॅट्स’ म्हणजे वय, उंची, वजन. ‘प्लेस’ म्हणजे भेटायला जागा. घरात ‘स्थळ’ म्हणजे माणूस, ॲपवर ‘प्लेस’ म्हणजे खोली. एकाच अर्थाचे हे दोन शब्द दोन टोकांना गेलेत, कारण आमच्याकडे आधी जागाच नसते. आईवडिलांच्या वन बीएचकेमध्ये वाढलेल्या मुलाला पंचविसाव्या वर्षीही दार लावून फोनवर बोलता येत नाही. म्हणून ‘प्लेस आहे का’ हा प्रश्न नेहमी शरीरापुरताच असतो असं समजून चिडू नये. बऱ्याच मुलांना खरोखर दोन तास निवांत बसून बोलायचं असतं आणि ते कुठे बसायचं हेच कळत नसतं. ज्याला सोबत हवी आहे त्याने पहिल्या चार-पाच वाक्यांतच सांगून टाकावं: ‘मी नात्यासाठी शोधतोय, आधी बाहेर भेटू.’ निम्म्याहून जास्त गप्पा तिथेच थांबतील, आणि थांबलेल्याच बऱ्या.

वयाची खात्री मात्र न चुकता करायची. समोरचा अठरा पूर्ण झालेला नाही अशी जराही शंका आली, बोलण्यात ‘बारावीची परीक्षा’ वगैरे आलं, की थेट विचारायचं, आणि खात्री पटत नसेल तर बोलणं थांबवायचं. त्याने वय खोटं लिहिलं होतं हे कारण सांगायची वेळच येऊ देऊ नये. अठराच्या खालच्या मुलाची संमती कायदा मानत नाही, आणि मानू नये हेच बरोबर आहे.

प्रोफाइलवर सगळ्यात जास्त दिसणारा शब्द ‘मॅनली’. त्याच्याच जोडीला ‘नो फेम्स’ (बायकी मुलं नकोत), ‘स्ट्रेट ॲक्टिंग’ (वागण्यावरून गे वाटू नये असा). या मागणीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण जोडीदारात काय हवं हे सांगताना मुलं इथेच स्वतःला फसवतात. यात आवडीचा भाग असतोच, कोणाला कोण आवडावं हे बाहेरून सांगता येत नाही. पण खोदून विचारलं की दुसरंच बाहेर येतं: घरी नेता येईल असा, सोसायटीच्या वॉचमनला शंका येणार नाही असा, ऑफिसच्या पार्टीत मित्र म्हणून सहज वावरेल असा. म्हणजे मागणी मिशी-दंडाची दिसते आणि आत भीती असते आईला कळण्याची. हात हलवत बोलणाऱ्या, आवाज जरा बारीक असलेल्या मुलाला एकही प्रश्न न विचारता ब्लॉक केलं जातं. शाळेपासून टोमणे खाल्लेला हाच मुलगा अनेकदा घरी सगळं सांगून मोकळा झालेला असतो, कारण लपायची सोयच त्याला नव्हती. वर लिहिलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. माझं स्पष्ट मत आहे, ‘मॅनली’ हा शब्द प्रोफाइलवरून काढून टाकावा आणि आपल्याला नक्की कशाची भीती आहे ते स्वतःला विचारावं.

जातीचंही तेच. ॲपवर पहिल्या नावाने काम भागतं, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सहज येतं, ‘पूर्ण नाव काय?’ आडनाव कळल्यावर काही जणांची उत्तरं उशिरा यायला लागतात. २०१५ च्या मे महिन्यात पद्मा अय्यर यांनी आपला मुलगा हरीश याच्यासाठी मुंबईच्या मिड-डे मध्ये वर पाहिजे अशी जाहिरात दिली होती. गे मुलासाठी आईने उघडपणे वर शोधायचा, हे धाडस मोठंच होतं. त्याच जाहिरातीत जातीची अट नाही असं म्हणून कंसात ‘अय्यर असल्यास प्राधान्य’ असंही होतं आणि त्यावर बरंच बोललं गेलं. त्या कंसावरून एक गोष्ट समजते: घर आपलं प्रेम मान्य करतं तेव्हा घराच्या बाकीच्या अटीही सोबत येतात. आपल्या कंसात काय लिहिलंय ते ज्याचं त्याने बघावं.

भाषेचा मुद्दा लहान वाटतो, पण तसा नाही. ॲपवर सगळे इंग्रजी किंवा हिंदीत बोलतात. मराठी मुलगा भेटला की ‘अरे, मराठी आहेस?’ या एका वाक्याने खांदे सैल होतात. प्रेमाची कबुली आमच्याकडे इंग्रजीतच दिली जाते, ती मराठीत म्हणताना जीभ अडखळते. पण काळजी मराठीतच कळते. ‘पोचलास का?’, ‘जेवलास का?’ हे रात्री साडेदहाला न विसरता विचारणारा मुलगा शोधावा. उलट, ज्याला इंग्रजी जमत नाही म्हणून जो गप्प राहतो त्याच्याशी मराठीत सुरुवात करून बघावी. सांगली-नांदेडकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी मुलं फक्त भाषेमुळे मागे राहतात.

मुंबईत आणखी एक अट आहे जी कोणी प्रोफाइलवर लिहीत नाही: लोकलची लाइन. एक विरारला, दुसरा बदलापूरला, मध्ये दादरला गाडी बदलायची, म्हणजे एका बाजूचे दोन-अडीच तास. दोघांचीही नोकरी सहा दिवसांची असेल तर भेट फक्त रविवारी, आणि मेगाब्लॉक असला की तीही गेली. पहिले दोन महिने उत्साहात निघतात. तिसऱ्या महिन्यात ‘तू ये ना या वेळी’ यावरून धुसफुस सुरू होते आणि दोघांनाही वाटतं प्रेम कमी झालं, खरं तर दोघं थकलेले असतात. लांबचा मुलगा मनापासून आवडला असेल तर पहिल्याच महिन्यात ठरवून घ्यावं की भेट मधल्या स्टेशनला होईल, नाहीतर एक फेरी याची, एक त्याची.

गप्पा किती दिवस चालवायच्या? माझ्या पाहण्यात तीन-चार दिवस चॅट, मग पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि त्याच आठवड्यात भेट, हा वेग बरा पडतो. तीन-तीन आठवडे नुसते मेसेज केले की मनात एक माणूस तयार होतो आणि भेटीला येणारा त्याच्यापुढे फिका पडतो, त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नसते. व्हिडिओ कॉल टाळायचा नाही. फोटो पाच वर्षांपूर्वीचा आहे का, माणूस तोच आहे का, हे तिथे दोन मिनिटांत कळतं. कॉलला दोनदा-तीनदा नकार आला तर भेटायला जाऊ नये. तो घाबरलेला असेल, तरी आपली सुरक्षितता आधी.

पहिली भेट दिवसा, गजबजलेल्या जागी, तास-दीड तासाची. स्टेशनजवळचं उडुपी हॉटेल, मॉलमधलं कॅफे, पुण्यात एखाद्या मोठ्या रस्त्यावरचा चहा. आपापल्या वाहनाने यायचं, आपापल्या वाहनाने जायचं. बिल निम्मं-निम्मं. एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला त्याचा फोटो, नंबर, भेटीची जागा पाठवून ठेवायची, लाइव्ह लोकेशन चालू करायचं आणि ‘सात वाजता फोन कर’ असं सांगून ठेवायचं. कोणालाच सांगता येत नसेल तर निदान स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवर हे पाठवावं, म्हणजे माग राहतो.

एवढं काटेकोर का, तर लुबाडण्याच्या टोळ्या खऱ्या आहेत. त्यांची पद्धत ठरलेली असते. देखणा फोटो, घाईची बोली, ‘आत्ता फ्लॅट रिकामा आहे’ असं आमंत्रण. आत गेल्यावर पंधरा मिनिटांत आणखी दोघं-तिघं येतात, व्हिडिओ काढतात, फोन हिसकावतात, यूपीआयने पैसे वळवून घेतात आणि ‘घरी सांगू’ म्हणतात. खोलीत अडकलेले असाल तर जिवाशी खेळू नका, मागतील ते द्या आणि बाहेर पडा. बाहेर आल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर ते खात्यातच गोठवण्याची शक्यता जास्त असते. चॅट उडवू नका, स्क्रीनशॉट काढा, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याची प्रोफाइल जपून ठेवा. फक्त फोनवरून धमक्या येत असतील तर एक रुपयाही देऊ नका, पहिला हप्ता गेला की दुसरा ठरलेलाच. पोलीस ठाण्यात जायला मुलं घाबरतात, कारण ‘आपणच गुन्हेगार’ असं डोक्यात बसलेलं असतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. खंडणी मात्र त्याच संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. सोबत वकील किंवा संस्थेचा माणूस असला की बोलणं सोपं जातं. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही आपल्या लोकांची संस्था १९९४ पासून काम करते आहे.

ॲपखेरीज दुसरी वाट म्हणजे माणसांतून ओळख. मुंबईची क्वीअर आझादी यात्रा, म्हणजे आपल्या लोकांचा प्राइड मोर्चा, २००८ पासून निघते, पुण्याचा मोर्चा २०११ पासून, कशिश हा क्वीअर चित्रपटांचा महोत्सव २०१० पासून भरतो. अशा ठिकाणी, किंवा संस्थांच्या गटबैठकींत, कोणी ‘स्टॅट्स’ विचारत नाही. माणूस इतरांशी कसा बोलतो, वेटरशी कसा वागतो, कोणाची टर उडवतो, हे बघायला मिळतं. लाजऱ्या मुलांनी आधी अशा गटात चार-सहा वेळा जावं असं मला मनापासून वाटतं. जोडीदार मिळेल न मिळेल, मित्र मिळतात, आणि मित्र असले की मिळेल त्याच्या गळ्यात पडण्याची घाई कमी होते.

आता तिसरी-चौथी भेट. आवडलाय, हसतो छान, बोलताना फोन बाजूला ठेवतो. इथे लग्नाचा प्रश्न विचारायचा, यापेक्षा लांबवायचा नाही. ‘घरी लग्नाचं काय म्हणतायत?’ असा साधा प्रश्न पुरतो, उत्तर नीट ऐकायचं. ‘मी करणार नाही, घरी सांगितलंय’ हे सगळ्यात मोकळं उत्तर. ‘करणार नाही, पण अजून सांगितलं नाही’ हे बहुतेकांचं उत्तर आणि त्याच्याबरोबर थांबता येतं, पण किती वर्षं हे ठरवून. ‘आधी बहिणीचं होऊ दे’ या उत्तराला खरं वजन आहे. भावाबद्दल कळलं तर बहिणीचं स्थळ मोडेल ही भीती आपल्या घरांत खोटी नाही. तेव्हा बहीण काय वयाची, कधीपर्यंत होईल, त्यानंतर तू काय करशील, हेही विचारावं. ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘करेन’. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी घरचा रेटा वाढतो, वडिलांना ब्लडप्रेशर असतं, आजीला नातसून बघायची असते, आणि ‘बघू’ म्हणणारा मुलगा एका रविवारी पोहे खाऊन येतो.

‘आईसाठी करावंच लागेल’ असं सरळ सांगणारा निदान खरं बोलतो. तरीही तिथून उठावं. ‘लग्नानंतरही आपलं चालू राहील’ ही ऑफर कोणीही स्वीकारू नये. त्या घरात एक मुलगी येणार आहे. नवरा आपल्याकडे बघत का नाही याचं उत्तर ती वर्षानुवर्षं स्वतःच्या रंगात, वजनात, स्वयंपाकात शोधत बसणार आहे. तिच्या जिवावर आपलं प्रेम उभं करायचं नाही. या एका बाबतीत माझ्याकडे मधली वाट नाही.

दुसरा प्रश्न, लपण्याच्या पातळीचा. यावर ‘आउट आहेस का?’, म्हणजे सगळ्यांना सांगितलंयस का, असा हो-नाहीचा सवाल टाकून उपयोग नाही, कारण कोणीच सगळीकडे उघडा किंवा सगळीकडे बंद नसतो. बहिणीला माहीत असतं, आईला अंदाज असतो, वडिलांपुढे विषय नसतो, ऑफिसात दोघांना सांगितलेलं असतं, गावी शून्य. दोघांनी बसून आपापली अशी यादी एकमेकांना सांगावी. यादी सारखी असायला हवी असं नाही. दोघांच्या यादीत फरक कुठे आहे आणि त्या जागी कोण किती सरकायला तयार आहे, एवढं कळलं पाहिजे. पूर्ण लपलेल्या मुलाला ढकलून बाहेर काढू नये. घराचा आधार सुटला तर राहायचं कुठे, खायचं काय, हा त्याचा हिशेब असतो. आणि पूर्ण उघड्या मुलानेही ‘प्रेम आहे म्हणून’ पुन्हा कपाटात शिरू नये, म्हणजे लपून राहू नये. चार वर्षांनी तो कडवट झालेला असतो.

यादीची खरी परीक्षा गणपतीत होते. त्याच्या घरी दीड दिवसाचा किंवा पाच दिवसांचा गणपती, आणि ‘मित्र आलाय’ म्हणून आपण दारात. काकू पाणी देतात, ‘तुझ्या घरी कोण कोण असतं रे?’ विचारतात. आपण नारळ खवायला बसतो. आरतीला तो पुढे घंटा वाजवत उभा, आपण मागे शेजाऱ्यांच्या रांगेत टाळ्या वाजवत. तो चुकूनही मागे वळून बघत नाही, कारण आत्या बघतायत. जेवताना काकू दुसरा मोदक वाढतात आणि म्हणतात, ‘आता दोघांनीही लग्नाचं मनावर घ्या.’ त्या क्षणी तो काय करतो ते बघावं. मान खाली घालून ‘हो, बघू’ म्हणतो, की ‘आई, आमचं आम्ही बघू, त्याला तूप वाढ’ म्हणतो. चेहरा, दंड, पगार हे सगळं या एका वाक्यासमोर लहान आहे.

तब्येतीचं थोडक्यात, पण हे गाळायचं नाही. नातं पक्कं होतंय असं वाटलं की दोघांनी एकत्र एचआयव्ही तपासणी करावी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात ती मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशन असतं, आणि संमतीशिवाय तपासणी करायची नाही, निकाल फोडायचा नाही असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. संसर्ग झाल्या दिवसापासून तपासणीत दिसायला वेळ लागतो. साध्या अँटिबॉडी चाचणीला नव्वद दिवसांपर्यंत, शिरेतून रक्त घेऊन केलेल्या चौथ्या पिढीच्या (अँटिबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधणाऱ्या) चाचणीला पंचेचाळीस दिवसांपर्यंत. म्हणून शेवटच्या धोक्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा करायची आणि तोपर्यंत कंडोम सोडायचा नाही. खोबरेल तेल कंडोमबरोबर वापरू नये, लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्यावं. कंडोम फाटलाच आणि धोका वाटला तर बहात्तर तासांच्या आत पेप, म्हणजे धोक्यानंतर घ्यायचं एचआयव्ही रोखणारं औषध, सुरू करायचं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि अठ्ठावीस दिवस पूर्ण करायचं. प्रेप ही एचआयव्ही टाळणारी गोळी आधीपासून घेता येते, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण ती फक्त एचआयव्हीपासून वाचवते, सिफिलिसपासून नाही, म्हणून व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणीही करून घ्यावी. समोरच्याने ‘मी पॉझिटिव्ह आहे, औषध चालू आहे, व्हायरल लोड सापडत नाही’ असं सांगितलं तर ऐकून घ्यावं. व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आणि औषधाने ते सापडत नसलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. आणि असं सांगणाऱ्या मुलाने विश्वासाची परीक्षा आधीच दिलेली असते. शंका असतील तर १०९७ ही हेल्पलाइन आहे.

दोन वर्षं टिकलं की प्रश्न येतो एकत्र राहण्याचा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष विवाह कायद्याखाली आम्हाला लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. लग्नाच्या एका सहीने नवरा-बायकोला जे मिळतं ते आम्हाला तुकड्या-तुकड्याने, कागद गोळा करून उभं करावं लागतं. म्हणून या टप्प्यावर जोडीदारात बघायची गोष्ट म्हणजे कागदपत्रांचा कंटाळा न करणारा माणूस. ऐकायला रुक्ष आहे, पण खूप प्रेम करणारा मुलगा मृत्युपत्राचं नाव काढलं की विषय बदलतो, आणि पुढे दुसऱ्याचे हाल होतात.

भाड्याचं घर घेताना लिव्ह अँड लायसन्स करारात दोघांचीही नावं घालावीत. महाराष्ट्रात हा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, तेव्हा दुसरं नाव घालायला वेगळे कष्ट पडत नाहीत. एकाच्याच नावावर घर असलं आणि भांडण झालं, किंवा त्याचा भाऊ गावाहून येऊन ‘हा कोण?’ म्हणाला, तर दुसऱ्याकडे तिथे राहत होतो याचा एकही पुरावा नसतो. दोन खोल्या असलेलं घर परवडत असेल तर तेच घ्यावं, आईवडील आले की दोन बिछाने दिसतात. डिपॉझिट कोणी किती दिलं ते बँकेतून द्यावं, रोख नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नसेल तर पत्रकाची छापील प्रत पुढे करावी.

नॉमिनीबद्दल मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. मालकी कायदेशीर वारसांची, आणि आमच्या बाबतीत वारस म्हणजे आईवडील, भावंडं. विम्यातही मित्र नॉमिनी असला तरी वारस दावा करू शकतात. म्हणून मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनी आपल्यासमोर सही करायची. ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर पुढचा वाद कमी होतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली साध्या कागदावर सही करून जोडीदाराला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मनाच्या आजारपणात उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारा माणूस, नेमता येतं. नैराश्य, चिंता आमच्यात कमी नाही, तेव्हा हा कागद चांगल्या दिवसांतच करून ठेवावा.

बँकेचा नॉमिनेशनचा अर्ज भरताना मुलं एका रकान्यापाशी अडतात. ‘नातं’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे रिकामी रेघ. नॉमिनी रक्ताच्या नात्यातलाच हवा अशी अट बँक खात्याला नाही, ‘मित्र’ लिहिलं तरी अर्ज चालतो. दोघं खिडकीपाशी उभे असतात, मागे रांग असते, पेन दोरीला बांधलेलं असतं. तो रेघेवर ‘मित्र’ लिहितो, अर्ज तुमच्याकडे सरकवतो आणि तुमच्या अर्जावर तुम्ही काय लिहिताय ते बघत थांबतो.